निघतानाचं बटण

"एक्केचाळीस वेळा निघाल्या आणि एक्केचाळीस वेळा परत आल्या," पूनच्चा कॉफीचा घोट घेत म्हणाला. "आणि तू म्हणतेस, ते पान काढून टाकू."

मेदिनीच्या बेंगळुरूच्या कंपनीचं अ‍ॅप लोकांना औषधांच्या वेळांची आठवण करून द्यायचं. ते सोडून जाणाऱ्यांची वाट सोपी करायची, हे तिचं काम. पूनच्चा तिचा वरिष्ठ. कुणी निघालं, की तो त्याला काहीही करून थांबवायला बघायचा. शेवटच्या पानावर रडका चेहरा आणि त्याखाली 'थांबते' आणि 'जाते' अशी दोन बटणं त्यानंच बसवली होती. तुमकूरच्या गिरिजम्मा गेले एक्केचाळीस दिवस रोज सकाळी सातला त्या पानापर्यंत यायच्या आणि 'थांबते' दाबून मागं फिरायच्या.

"बाईंना आपला लळा लागलाय," पूनच्चा म्हणाला. मेदिनीला वाटलं, बाई अडकल्यात. तिनं सरळ फोन लावला.

उचलला तो त्यांच्या यजमानांनी, रुद्रय्यांनी. गिरिजम्मा जाऊन दीड महिना झाला होता. तरी रोज सातला त्यांचा फोन वाजायचा आणि विचारायचा, 'गिरिजम्मा, इन्सुलिन घेतलं का?'

मेदिनीला आपल्या अ‍ॅपची लाज वाटली. "अंकल, मग 'जाते' दाबायचं ना. नाहीतर मी इथूनच बंद करून देते."

"नको. तिला असं परस्पर घालवू नका." रुद्रय्या म्हणाले. "मी रोज बसतो गं दाबायला. पण पन्नास वर्षांत ती 'जाते' कधी म्हणाली नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची, तरी 'जाऊन येते' म्हणायची. आता तिच्या तोंडी तसलं अभद्र मी घालू?"

त्याच दुपारी मेदिनीनं रडका चेहरा काढला आणि बटणावर 'जाते'च्या जागी 'जाऊन येते' लिहिलं. पूनच्चानं सगळं ऐकून घेतलं आणि या खेपेला हुज्जत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सातला गिरिजम्मांचं खातं बंद झालं. त्या पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट असते, निघताना काही सांगायचं असेल तर. सहसा तिथं कुणी काही लिहीत नाही. रुद्रय्यांनी लिहिलं होतं, "बरं. सावकाश ये, घाई नाही."