न विचारलेले एक्के

भगवाननं "तीन इस्पिक" म्हटलं आणि समोर बसलेल्या काशिरामच्या तोंडचं पाणी पळालं. पनवेलच्या क्लबातल्या ब्रिज स्पर्धेचा शेवटचा डाव. स्लॅम बोलून, म्हणजे तेरापैकी बारा हात करतो असं आधी सांगून, ते केले तरच ढाल मिळणार होती. काशिरामकडे दोन एक्के होते. उरलेले दोन भगवानकडे असले की झालं. "फोर नोट्रम्प" म्हणायचं, की जोडीदार ठरलेल्या बोलीत आपले एक्के सांगतो. सोपं आहे हो, शिकाऊ माणसालाही जमतं.

पण गेल्या रविवारी सरावाला "फोर नोट्रम्प" ऐकून भगवान नुसता बघत बसला होता. काय विचारलंय तेच त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी त्याची बायको भामा गुपचूप येऊन सांगून गेली, "भावजी, हल्ली ह्यांना आठवत नाय. चारचौघांत ह्यांचं हसं होऊ देऊ नका."

आणि हाच भगवान! अठ्ठ्याहत्तर साली दोघं तहसील कचेरीत कारकून होते. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या गठ्ठ्यांवर डाव मांडायचे. काशिरामचा प्रश्न पुरा व्हायच्या आत भगवानचं उत्तर तयार. अलिबागचं बक्षीस एसटीतून मांडीवर घेऊन आले, तेव्हा कंडक्टरनं पेढे मागितले होते. काय दिवस होते ते! काशिरामला भडभडून आलं.

"काका, बोला की," डावीकडे बसलेला प्रतिस्पर्धी जीवन म्हणाला.

"चार इस्पिक." काशिरामनं स्लॅमचा नाद सोडून दहा हातांचीच बोली केली.

सगळे पास. इस्पिक आधी काशिराम बोलला होता, म्हणून डाव त्यानं खेळायचा; भगवाननं आपली पानं टेबलावर उघडी मांडली. दोन एक्के! बारा हात आरामात झाले, पण बोलले होते दहाच. ढाल गेली.

"अहो, विचारायचं तरी!" जीवनला राहवेना.

"भित्रा झालाय आमचा काशा," भगवान हसत म्हणाला. काशिरामनंही मुकाट मान डोलावली. गेली ढाल तर गेली, गड्याची अब्रू तरी राहिली.

खाली उतरताना जिन्यात भगवाननं त्याचा दंड धरला.

"भामानं सांगितलं ना तुला?"

काशिरामनं नजर पायरीकडे वळवली.

"खरं हाय ते. उत्तर आलंच नसतं मला. सगळ्यांसमोर चुकलो असतो."

"अरे, म्हणून तर..."

"हरलो असतो. किती वेळा हरलोय आपण!" भगवानचे डोळे भरून आले. "पण तीस वर्षांत तू मला विचारलंच नायस, असं आज पहिल्यांदा झालं."