चार नंबरचं नोझल

"आवाजावरून सांगा मिस्त्री, कुठलं नोझल गेलंय ते," हैबतराव म्हणाले आणि हाताची घडी घालून ट्रकच्या तोंडाशी उभे राहिले.

मोतीरामने हातातलं फडकं खाली ठेवलं. हैबतराव रोह्याच्या यार्डात मॅनेजर होऊन आले त्याला आठवडाच झाला होता, आणि तेवढ्यात त्यांनी डोळे अधू झालेल्या वेल्डरला घरी बसवलं होतं. मोतीरामचे डोळे ठणठणीत होते. गेले होते ते कान. दोन्ही, नऊ वर्षांपूर्वीच. इंजिनांपाशी जन्म काढल्यावर दुसरं काय होणार!

पण मोतीराम पक्का. समोरच्याचे ओठ वाचून वेळ मारून न्यायचा. नऊ वर्षं एकालाही पत्ता लागू दिला नव्हता. ऑफिसात मात्र तो पाऊल टाकत नसे. तिथे माणसं कागदात डोकं घालून बोलतात. काय कळणार, कप्पाळ? बाकी यार्डातली माणसं भली होती. बोलायचं तर समोर येऊन, तोंड भरून बोलत. पोपट ड्रायव्हर तर ट्रक मागे घेण्याआधी खाली उतरायचा, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मगच रिव्हर्स टाकायचा. पोरगा जरा जास्तच लाघवी, असं मोतीरामचं मत होतं.

आजचा ट्रकही पोपटचाच. साडेनऊ लाख किलोमीटर झालेला. "पेणवरून येताना नुसती थरथरते हाय," त्याने सांगितलं होतं. "वडखळपासून मागं धूरच धूर. पिकअप तर नायच."

अशा वेळी इतर मिस्त्री चालू इंजिनाचा एकेक डिझेलचा पाइप सैल करतात आणि कान देतात. जो सैल केला तरी आवाज बदलत नाही, त्याचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं तोंड, गेलं. मोतीरामने पाना हातातच घेतला नाही. पंपातून निघणाऱ्या सहा पाइपांवर त्याने एकेक करून बोटं ठेवली, वैद्य नाडी बघतो तशी. पाच नीट ठोके देत होते. चौथा मात्र बोटावर ताडताड आपटत होता. म्हणजे डिझेलला पुढे वाटच नव्हती.

तेवढ्यात पोपट धावत त्याच्या समोर आला. "मिस्त्री, सायेब मघापासनं विचारतात, सापडलं काय म्हणून!"

हैबतराव कधी पाठीमागे जाऊन उभे राहिले होते, कोण जाणे. देवासारखा धावला पोपट!

"सापडलं की साहेब," मोतीराम वळून म्हणाला. "चार नंबर."

"खोला. बघू." हैबतरावांच्या कपाळावर आठी होती.

चार नंबर निघालं ते कोळशासारखं काळं. टेस्टरवर लावून दांडा दाबला, तर फवारा कुठला, नुसतं डिझेल टपटपलं. मोतीरामने कार्बन काढला, टिप नवी टाकली, काटा बघून प्रेशर लावलं. पुन्हा दांडा दाबला तसं धुक्यासारखं डिझेल उडालं आणि नोझलची करकर दांड्यातून त्याच्या तळहातात आली. ही करकर आता दुसऱ्याच्या हातात जाणार, या धास्तीने आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

एवढ्या चाललेल्या गाडीचं एकाच नोझलवर भागत नाही. बाकीची पाचही त्याने काढली, साफ केली, तपासून परत बसवली. पोपटने स्टार्टर मारला. धूर विरला. मोतीरामने मडगार्डवर हात ठेवला; थरथर पार गेली होती.

हैबतराव त्याच्या अगदी समोर आले. "मिस्त्री, रिटायर होईपर्यंत नोझलं तुम्हीच बघायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." एवढं बोलून ते ऑफिसकडे गेले. थोड्या वेळाने ते तिथून बाहेर पडले आणि त्यांची जीप गेटमधून गेलीसुद्धा.

मोतीराम टायरवर बसला आणि एकटाच हसला. सुटलो बाबा! काय उगाच जीव टांगणीला लावून घेतला! पोपट चहा आणायला पळाला होता. जॉबकार्ड ऑफिसात न्यायचं काम त्याचं, पण आज मोतीराम स्वतःच उठला. आता भ्यायचं कुणाला?

ऑफिसात कुणी नव्हतं. क्लार्क कृष्णाबाई जेवायला गेल्या होत्या. टेबलावर एक पुठ्ठा पडला होता, भिंतीवरून नुकताच काढलेला. त्यावर चिकटवलेला कागद पिवळा पडला होता आणि तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. आपलं नाव दिसलं म्हणून मोतीराम वाकला.

'मोतीराम मिस्त्रींशी समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलावं. शेडमध्ये गाडी मागे घेण्याआधी उतरून त्यांच्या खांद्याला हात लावावा. आणि यातलं काहीही मिस्त्रींना कळू देऊ नये.'

खाली यार्डातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. पहिली पोपटची. शेवटची हैबतरावांची, शाई अजून ओली.