एका खोलीतले दोघे

"एका खोलीत राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांना दारूचं पॅकेज घ्यावं लागतं," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "एकट्याला देता येत नाही. नाहीतर एक जण पैसे भरतो आणि पितात दोघं."

"अगं, दोघंही घेणारच आहोत," आर्विड म्हणाला. "हा माझा धाकटा भाऊ. दिवसाला सहा पेले झाले की पैसे वसूल होतात, असं माझा शेजारी सांगत होता. याचे सहा तर जेवणाआधीच होतात. तुमचीच कंपनी बुडेल बघ."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. लीलंड हसला नाही.

जहाज अजून फ्लोरिडाच्या धक्क्यालाच होतं. सकाळी दोघं मिनेसोटाच्या बर्फातून निघाले होते आणि आर्विडच्या अंगात अजून तोच जाड लोकरी शर्ट होता. पानगळीत त्याची बायको, मार्लिस, गेली. तेव्हापासून तो कुठे बाहेर पडला नव्हता. ही सफर त्यानंच ठरवली. फोनवर एवढंच म्हणाला होता, "आठवडाभर बसू दोघं. पूर्वीसारखे."

पूर्वीसारखे म्हणजे काय, ते लीलंडला सांगायला नको होतं. गोठलेल्या तळ्यावरचं मासे धरायचं खोपटं, बसायला पालथ्या घातलेल्या दोन बादल्या, बर्फात खोचलेल्या बिअरच्या बाटल्या. दोघे भाऊ जन्मभर असेच भेटले होते. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं भेटायचं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

विमानात लीलंड सांगायचं म्हणून तोंड उघडून पुन्हा गप्प बसला होता. आता वाटलं, पैसे भरून मोकळं व्हावं. पेल्यात बिनदारूचं जिंजर एल मागावं, त्याचा रंग व्हिस्कीसारखाच दिसतो. आर्विड खूश राहील. पण ते पॅकेज घेतलं, की जहाजावरचा एकूण एक बार आपल्याला उघडा. आजचा दिवस निभेल, कदाचित उद्याचाही. त्यापुढची खात्री त्याला स्वतःलाच देता येईना.

"तुमचं कार्ड द्या, सर," मुलगी म्हणाली.

"मला नको."

"तब्येतीचं काही कारण असेल तर तसं सांगा. मग यांना हे देते आणि तुम्हाला नुसतं कॉफी-सरबताचं."

"याच्या तब्येतीला काय धाड भरलीय!" आर्विड म्हणाला. "दे रे कार्ड. मागे लोक खोळंबलेत."

"मी सोडलीय, आर्विड."

"काय सोडलंस?"

"दारू. मार्चपासून."

मागचं बोलणं थांबलं. मुलगी उगाचच समोरच्या पडद्यावर काहीतरी बघू लागली.

"मार्चपासून," आर्विड म्हणाला. थोडा वेळ तो काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मार्लिसला पोचवून आलो, त्या संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये बसलो होतो आपण. तुझ्या हातात बिअरचा कॅन होता."

"त्यात पाणी होतं."

आर्विडनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर लीलंडला सोपं गेलं असतं.

"म्हणजे त्या संध्याकाळी मी एकटाच पीत होतो."



"राहू दे, मुली. नकोच आम्हाला," असं म्हणून आर्विड रांगेतून बाहेर पडला.

लीलंडला तो वरच्या डेकवर सापडला. जहाज हललं होतं. पोहण्याच्या तलावाजवळ बँड वाजत होता आणि लोक रंगीबेरंगी पेले उंचावून किनाऱ्याला निरोप देत होते. आर्विड कठड्याशी एका खुर्चीवर बसला होता. लीलंड शेजारच्या खुर्चीत टेकला. दोघं किनाऱ्याकडे बघत राहिले. मग आर्विड उठला आणि गर्दीत गेला. लीलंडला वाटलं, आता हा रात्रीच्या जेवणापर्यंत दिसायचा नाही.

थोड्या वेळानं तो परत आला. एका हातात बिअर होती आणि दुसऱ्या हातात कॉफी.

"दूध घातलंय," कॉफी पुढे करत तो म्हणाला. "तू घेतोस की नाही, मला माहीत नाही."

"नाही घेत," लीलंड म्हणाला, आणि तीच कॉफी प्यायला.

किनाऱ्यावरच्या इमारती बुटक्या होत गेल्या.

"मग आता आपण बोलायचं कशावर?" आर्विडनं विचारलं.

"माहीत नाही."

आर्विडनं मान हलवली. त्यानं पेला खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवला होता. बिअरवरचा फेस बसला, तरी त्यानं पेला उचलला नाही.

"शेवटी शेवटी मार्लिस मला तिचा भाऊ समजायची," समुद्राकडे बघत तो म्हणाला. "रोज विचारायची, आर्विड कुठाय? मीही सांगायचो, तळ्यावर गेलाय, येईल. तिला काळजी वाटायची. म्हणायची, एकटाच गेलाय का?"

तो लीलंडकडे वळला.

"मी म्हणायचो, नाही गं. लीलंड आहे ना त्याच्याबरोबर."