रॉडीचं जाकीट

अमेरिकेतल्या नॉरफोकच्या गोदीत पाणबुड्यांचे गुप्त आराखडे हाताळायचे तर आधी सरकारी चौकशी होते. माझी चौकशी करणारा निवृत्त पोलीस मऊ आवाजात बोलत होता. "गांजा ओढल्याचं तुम्हीच लिहिलंय. कुणाबरोबर?" "धाकट्या भावाबरोबर, रॉडीबरोबर, कॉलेजात असताना." माझ्या अंगात रॉडीचंच जाकीट होतं, त्याच गांजाच्या ठिणगीनं बाहीला पडलेल्या भोकात मी बोट घालून बसले होते. रॉडी चिडवायचा, "ताईसाहेब, मी आहे तोवर सरकार काही तुम्हाला आत घेत नाही." पोलिसानं विचारलं, "अजून भेटता त्याला?" "मार्चपासून नाही." "भांडण झालं?" "गेला तो. नशेच्या गोळ्या जास्त झाल्या." पोलिसाचं पेन थांबलं. "वाईट झालं," तो पुटपुटला. मग धीर द्यावा तसं म्हणाला, "पण व्यसनी माणसाशी संबंध उरला नाही, हे तुमच्या बाजूनं धरतात." माझं बोट भोकातच होतं. मी म्हटलं, "थँक्यू."