अकरा नंबरचा चेहरा

भुवईवरच्या जुन्या व्रणावर चिकटवलेला काळा ठिपका चौथ्यांदा गळून पडला, तेव्हा अकरा नंबरची मुलगी पुटपुटली, "आई गं, किती वेळ!"

चारुदत्तचा हात थांबला. "मराठी?"

"हो, वर्ध्याची. तुम्ही पुण्याचे ना?"

"कसं ओळखलंस?"

"मघाशी सॉरी म्हणालात, तेसुद्धा चूक माझीच असल्यासारखं."

टॅम्पिनीस या परदेशी उपनगरातल्या एका इमारतीचा आठवा मजला. खोलीभर कॅमेरे आणि मधोमध एक खुर्ची. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल टीममधल्या मुली सकाळपासून एकेक करून त्या खुर्चीत बसत होत्या. तोंडाला ठिपके लावून घ्यायचे, मग हसायचं, दचकायचं, रागवायचं. कॅमेरे टिपून घेत आणि कॉम्प्युटरवर तोच चेहरा उभा राही. जाताना प्रत्येकीला एक टी-शर्ट आणि चिकन राइसचं कुपन. ही शेवटची. बाकीच्या दहाजणी बाहेर बसची वाट बघत होत्या.

"चारू," काचेपलीकडून मॅनेजर केल्विनचा स्थानिक ढंगाच्या इंग्रजीतला आवाज स्पीकरवर आला, "स्कार डोन्ट रिमूव्ह हां. व्हेरी नाइस. मस्ट कीप लाह."

"व्रण कशाला हवाय त्यांना?" मुलीने विचारलं. "कोच तर म्हणाल्या, विद्यापीठाच्या म्युझियमसाठी आहे."

चारुदत्तने माइककडे पाहिलं. तो चालू होता. पण त्या मजल्यावर मराठी कळणारं तिसरं कुणी नव्हतं.

"म्युझियम वगैरे काही नाही," नेहमीच्या सूचना द्याव्यात तशा सुरात तो म्हणाला. "मोबाइलवरचा गेम आहे. डिसेंबरात विकायला येईल. तुमच्या विद्यापीठाने आमच्या कंपनीशी करार केलाय. त्यात अकरा नंबर तू. तुझी उडी, तुझी सर्व्हिस, हा व्रण."

"आणि आम्हाला काय?"

"कुपन."

ती हसली नाही. "नाव तरी?"

"नाव नाही. वकिलाची सक्त ताकीद आहे. नाव घातलं की ती तू झालीस, मग तुला पैसे द्यावे लागतात. नाव नसेल तर नुसता चेहरा. तो कुणाचाही असू शकतो म्हणे."

"व्हॉट यू ऑल टॉकिंग?" केल्विनने विचारलं.

"टेलिंग हर टू रिलॅक्स."

"दोन वर्षं गुडघे फोडून घेतलेत मी या टीमसाठी," ती म्हणाली. "उठून गेले तर?"

"जाऊ शकतेस."

"मग टीम जाते. टीम गेली की हॉस्टेलची खोली जाते." ती बसून राहिली.

"अँग्री फेस, प्लीज," केल्विन म्हणाला.

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, दात खाल्ले नाहीत. नुसतं पाहिलं. स्क्रीनवरच्या राखाडी चेहऱ्यानेही तसंच पाहिलं.

"वाह! बेस्ट वन टुडे! सेव्ह, सेव्ह!"

म्हणजे तिचा रागसुद्धा फुकटात गेला.

चारुदत्तसमोर फाइल सेव्ह करायचा चौकोन उघडला. तारीख आपोआप आली होती, १२ मार्च २०१६. त्याखाली आधीच्या दहाजणींसारखा नुसता आकडा टाकायचा होता. एकाच्या पुढे एक.

"नाव काय तुझं?" त्याने विचारलं.

"अंजली."

"आडनाव?"

अंजलीने गालावरचा एक ठिपका उचकटून काढला. मग त्याच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. चारुदत्त लिमये.

"समुद्र ओलांडून आले," ती शांतपणे म्हणाली, "तरी दुसरा प्रश्न तोच."

चारुदत्तचे कान तापले. तिचं काही चुकलं नव्हतं. आजवर हा प्रश्न त्याने त्यासाठीच विचारला होता. मंडळाच्या गणपतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, घरातली रिकामी खोली भाड्याने बघायला आलेल्या पोरांना. आडनाव ऐकायचं आणि समोरच्याला कुठे बसवायचं ते मनातल्या मनात ठरवून टाकायचं. तोंडावर हसू ठेवून.

"आज त्यासाठी नाही," तो म्हणाला.

"मग?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "इथे घालायला. संध्याकाळी ही फाइल विद्यापीठाकडे जाते, वकिलाकडे जाते. मागाहून कुणी नाव पुसलं, तर कुणी पुसलं तेही दिसतं. उद्या ते म्हणाले, चेहरा कुणाचाही असू शकतो, तर तुला हे दाखवता येईल."

"तुम्हाला काढतील."

"फार तर कामाचा पास रद्द करून परत पाठवतील." फार तर म्हणाला खरं, पण त्याची मुलगी इथल्याच शाळेत दुसरीत होती.

"चारू, व्हाय सो लाँग?"

"सेव्हिंग," चारुदत्त म्हणाला.

अंजली त्या रिकाम्या चौकोनाकडे वाकली.

"रामटेके," ती म्हणाली. "अंजली उत्तम रामटेके. बाबांचं नावही घाला, ते गाळू नका."

त्याने एकेक अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं.

अंजलीने उरलेले ठिपके काढून त्याच्या टेबलावर ठेवले. टी-शर्ट घेतला नाही. कुपन तेवढं घेतलं, त्याच्या खिशातलं पेन न विचारता काढलं आणि बाहेर गेली.

काचेच्या दारातून दिसत होतं. बाकावरच्या पहिल्या मुलीला तिने काहीतरी विचारलं. त्या मुलीने हसत मान हलवली, मग हसायची थांबली. तिने अंजलीचं कुपन उलटं करून मांडीवर ठेवलं आणि आपलं पूर्ण नाव लिहायला लागली. दुसरी वाकून बघत होती.

"व्हॉट शी डुइंग आउटसाइड?" केल्विनने विचारलं.

चारुदत्तने एक नंबरची फाइल पुन्हा उघडली.