आईंचे फर्मान
औषधांच्या वेळा सांगणारे लेकीचे ॲप बाजारात आले, तेव्हा आईंनी साऱ्या नातलगांना फर्मान सोडले, "कौतुकच लिहायचं!" सगळ्यांनी लिहिले. अभिप्रायांतला राग-लोभ तोलणाऱ्या संगणकाने 'ग्राहक तृप्त' असा निर्वाळा दिला आणि लेकीच्या कंपनीने ॲपच्या सुधारणांचे काम थांबवले. आज लेक अचानक घरी आली, तर आई भिंग धरून मोबाइल वाचत होत्या. सकाळची गोळी दुपारी घेत होत्या. लेकीचा चेहरा उतरला. "अक्षरं दिसत नाहीत, हे लिहिलं का नाहीस?" "चारचौघांत पोटच्या पोरीला नावं ठेवू? घरात हवी तेवढी ठेवीन!" "अगं, तुझ्यासाठीच तर बनवलं होतं!" एरवी घर गाजवणाऱ्या आईंनी भिंग खाली ठेवले. मग त्यांनी धाकट्या जावेला फोन लावला. "ऐक, आजपासून सगळ्यांनी तक्रारी लिहायच्या. खऱ्याखुऱ्या. पण माझ्या पोरीला कुणी वाईट म्हटलंत, तर माझ्याशी गाठ आहे!"