घोंगडीखाली

सिद्धाप्पानं विणलेल्या घोंगडीत पाणी भरून एकदा म्हैस पोहली, असं बिरोबाच्या जत्रेत सांगत. म्हशीनं कधी नाकारलं नाही. यंदा मात्र म्हाताऱ्याची नजर मंदावली होती. "थेंब गळला तर माग मोडून चुलीत घालीन," तो म्हणून बसला होता. रिवाजाप्रमाणं चौघांनी नवी घोंगडी ताणून धरली, खाली साक्षीला विणकराची बायको मायाक्का बसली, वरून घागर रिती झाली. गजी नाचाचे ढोल थांबले. टपकन एक थेंब तिच्या गालावर पडला. मागावाचून हा माणूस जगायचा नाही, हे तिलाच ठाऊक. "मायाक्का, गाल वला कशानं?" पंचांनी हटकलं. "रडतीया की! धन्याची घोंगडी टिकली, रडूबी नगं व्हय?" ढोल पुन्हा घुमले. सिद्धाप्पानं तिचा गाल पुसला आणि बोट हळूच चाखलं. खारट नव्हतंच. तो कानाशी पुटपुटला, "म्होरल्या जत्रंला दाट इणतो बग."